मामाची मिनिटं

माझ्या मामाला कंजूष म्हटलं तर खऱ्या कंजूष लोकांचा अपमान होईल. ते निदान काही वाचवतात तरी. समुद्रपूरला भर बाजारात याचं कापडाचं दुकान, वर दोन मजली घर, आणि फोन वाजला की हा बाप्पा त्याच्याकडे नुसता टक लावून बघणार. उचलणार नाही. "काम असन त परत करतीन," म्हणणार. इनकमिंगला पैसे लागायचे तो जमाना कधीच गेला, हे त्याच्या पोरानं त्याला शंभरदा सांगितलं असेल. पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच्या घरचा नेमच होता. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन रिंगा म्हणजे तू फोन कर. माझी आई, त्याची सख्खी लहान बहीण, पवनारहून कितीतरी वर्षं त्याला दोन रिंगा देत आली. त्याचा फोन काही कधी आला नाही. तरी हिचं आपलं चालूच, भाऊ कामात असन.

माझं लग्न ठरलं तेव्हा आईचा पाय प्लास्टरमध्ये होता. आमच्या घरात रीत अशी, की नवरीच्या मामाला बोलावणं बहिणीनं स्वतःच्या तोंडानं द्यायचं. पत्रिका काय, सगळ्यांनाच जाते. बहिणीच्या तोंडचं बोलावणं नसेल तर मामा येत नाही, आणि मामा नाही तर नवरीला मांडवात आणणार कोण? आईला बाकी कशाची फिकीर नव्हती. भाऊ आपल्या पोरीच्या मागं उभा राहावा, एवढंच तिला पाहिजे होतं. एरवी ती एसटीनं समुद्रपूरला जाऊन, कुंकू लावून बोलावून आली असती. पाय मोडला म्हणून फोन केला.

फोन वाजून वाजून थांबला आणि एक बाई बोलायला लागली, की आपला निरोप ठेवा. व्हॉइसमेल. पोरानं हौसेनं चालू करून दिलेलं. आईनं डोक्यावर पदर घेतला. फोनवर, हो! मी शेजारीच बसले होते. "भाऊ, तुह्या भाचीचं लगन हाय. माहा पाय मोडला, मले येता येत नाई. तू नाई आला त पोरगी कोनाच्या हातानं मांडवात येईन? राग मानू नको. येजो." आणि समोर कोणी नसताना हात जोडले.

मी म्हटलं, "आई, परत एकदा लावून पाहू." तर म्हणे, "नाई. दुसऱ्यांदा बोलावलं त भाऊ म्हनन, माह्यावर भरोसा नाई काय?"

निरोप आल्याचा मेसेज मामाच्या फोनवर गेला. त्यानं तो वाचला. बहिणीचा नंबर आहे हेही पाहिलं. आणि ऐकला नाही! काऊन, तर ऐकायला नंबर लावावा लागतो, आणि नंबर लावला की मिनिटं कटतात. हे सगळं नंतर त्यानंच सांगितलं, वर शहाणपणा म्हणून सांगितलं. दुकानातल्या गिऱ्हाइकांना विचारायचा, "व्हॉइसमेल आयकलं त मिनिटं कटते काय?" कोणी म्हणे कटतात, कोणी म्हणे नाही. पक्कं कळेपर्यंत ऐकायचं नाही, असं या दीडशहाण्यानं ठरवलं. आणि गिऱ्हाईक नसलं की गादीवर बसून रुसायचा, की बहिणीनं बोलावलं नाही.

लग्नात भटजींनी हाक दिली, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं." मग परत दिली. पाहुणे कुजबुजायला लागले. आई फाटकाकडे बघत होती. तिचं ते बघणं मला सहन होईना. शेवटी तीच काठी टेकत आली, माझा हात धरला आणि मला मांडवात घेऊन गेली. मंगलाष्टकं संपेपर्यंत ती माझ्या मागं उभी होती. कोणी खुर्ची दिली तरी बसली नाही.

मी माहेरी आले होते तेव्हा हा उगवला. चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच सुरू. "मले काऊन नाई बोलावलं? एवढा परका झालो काय मी?" चोराच्या उलट्या बोंबा!

"बोलावलं ना भाऊ," आई म्हणाली. "तुह्या फोनमंदी बोलावलं."

"ते हाय. पन आयकलं असतं त मिनिटं कटले असते ना."

मी त्याच्या हातातून फोनच घेतला. "मामा, मिनिटं मोजून भेटत असते त कटले असते. साधा फोन लावल्यावानीच असते ते. पन तुमच्या पोरानं तुमाले अनलिमिटेड मारून देल्लं. तुमचं काईच कटत नाई." तिथंच नंबर लावला, स्पीकरवर. तीच बाई म्हणाली, एकही निरोप नाही. दिवस गेले की निरोप आपोआप पुसला जातो. मामानं फोन ओढून घेतला आणि आधी काय पाहिलं असेल? बॅलन्स. खरं सांगते, मला त्या माणसाची किळस आली.

मग आईला म्हणतो, "काय म्हनलं होतं तू?"

मी म्हटलं, "सांगू नको आई." पण तिनं सांगितलं. भाचीचं लग्न, मोडलेला पाय, राग मानू नको, येजो, सगळं. मामानं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि म्हणाला, "असं बोलावलं असतं त मी आलो नसतो काय?"

आईनं चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला.

"तुह्या जागेवर मी उभी राह्यली, भाऊ," ती म्हणाली. "ते जागा आता खाली नाई. चहा पी, थंडा होऊन राह्यला."