ताणाचे वाफे

निमोण्याच्या आबांनी आपलं रान आम्हाला प्रयोगासाठी दिलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. रस्त्याकडेच्या वाफ्यांचं पाणी तोडायचं नाही. जाणारे-येणारे बघतात. आणि आमच्या आराखड्यात पाणी तोडायचे वाफे नेमके रस्त्याकडेला निघाले. कुठल्या वाफ्याला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, ते कुणाच्या हातात नसतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. आबा म्हणाले, "मंग पुन्ना टाका की चिठ्ठ्या."

पुन्हा टाकता येत नाहीत, हे सांगायला आणखी एक चहा लागला.

प्रयोग कांद्याचा होता. ठिबकवर किती कमी पाण्यात कांदा येतो आणि कुठल्या टप्प्यावर पाणी तोडलं तर त्याचं किती नुकसान होतं, हे बघायचं होतं. काही वाफ्यांना पुरेसं पाणी, काहींना निम्मं, आणि काहींचं पाणी गड्डा पोसायला लागला की साफ बंद. या शेवटच्या वाफ्यांना आम्ही ताणाचे वाफे म्हणायचो. त्यांच्या खुंट्यांना लाल रिबीन बांधलेली होती आणि प्रत्येक वाफ्याच्या नळीला स्वतंत्र कॉक होता. लाल रिबिनीचा कॉक काढणीपर्यंत उघडायचा नाही, एवढा एकच नियम.

ताण हा शब्द आबांना नवा नव्हता. त्यांची डाळिंबाची बाग होती, बहार धरायच्या आधी झाडांना ताण देण्यात त्यांची हयात गेली होती. पण कांद्याचं त्यांना पटेना.

"डाळिंबाला ताण दिला की ते फुलतंय. ह्यो कांदा ताण देऊन काय करनार हाय?"

"काही नाही करणार आबा. लहान राहील. किती लहान राहतो ते मोजायचंय."

"लई ल्हान ऱ्हाईल. लिवून घ्या."

मी हसले नाही, कारण त्या दिवसांत मला हसू येत नव्हतं. आबाच हसले आणि म्हणाले, "दिला शब्द. लाल रिबिनीला थेंब पडायचा न्हाई." आणि तो त्यांनी पाळला. बाजूच्या वाफ्यांची पात गुडघ्याला लागत होती आणि मधेच एखादा वाफा पिवळा पडलेला, शेंडे करपलेले, जमिनीला भेगा. मोटरसायकल थांबवून लोक विचारायचे, आबा, एवढं का सोडून दिलं? आबा रस्त्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "म्याडमला विचारा." मी असले की लोक विचारायचे नाहीत. गावात मान असलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं.

त्या वाफ्यांवर माझं सगळं अडकलं होतं. आधीच्या हंगामात गारपीट आणि अवकाळी पाऊस होऊन ताणाचे वाफे चिंब भिजले, आणि वर्ष वाया गेलं. माझ्या मार्गदर्शक सरांनी स्पष्ट सांगितलं होतं की यंदा कोरड्या वाफ्यांची काढणीपर्यंतची मोजमापं मिळाली नाहीत तर प्रकल्प बंद होईल, आणि पीएचडी करायचीच असेल तर दुसरा विषय घेऊन पहिल्यापासून. म्हणजे ते मोजके वाफे कोरडे राहिले पाहिजेत. मला दुसरं काही नको होतं.

मी दौंडला आईबरोबर राहत होते. निमोण्याहून न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला, पाटस असं स्कूटीवरून घरी यायचं. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मागे खोकत. आईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. ठरलेल्या दिवशी डायलिसिस, आणि मधल्या दिवसांत पाणी मोजून. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलं होतं. मी एका पारदर्शक बाटलीवर नेलपॉलिशनं रेघ ओढली होती. चहा, आमटीचा रस्सा, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्या रेघेच्या आतलं. त्याहून जास्त झालं की पाय सुजायचे, मग धाप, मग रिक्षा.

संध्याकाळी मी घरी आले की बाटलीत उरलेलं पाणी फुलपात्रात ओतायची. आई बघत असायची. मी म्हणायची, "बास."

आई म्हणायची, "अजून थोडं."

रोज. जेवताना भाजी मागावी इतक्या साध्या आवाजात. हट्ट नाही, रडणं नाही. मी नाही म्हणायची आणि ती फुलपात्र तोंडाला लावायची. लहानपणी तिच्या गावाला विहीर लांब होती, दिवसभर तिनं पाणी वाहिलेलं. "तेव्हा डोक्यावर होतं, आता डोळ्यासमोर आहे," असं ती एकदा शेजारच्या काकूंना म्हणाली. चूळ भरताना ती दार उघडं ठेवायची आणि मला दिसेल असं पाणी थुंकायची. गिळलं नाही हे मला कळावं म्हणून. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.  आता हे लिहिताना फक्त ते दार उघडं दिसतं.

आमच्या संशोधन केंद्रातला एक सहकारी एकदा डबा खाताना म्हणाला, "काय योगायोग आहे बघा. इकडे पण ताण, घरी पण ताण." मी जेवायची थांबले आणि त्याच्याकडे बघत बसले, तो हात धुवायला उठेपर्यंत. लोकांना असल्या जोड्या लावायला फार आवडतं. कांदा मागत नाही. एवढाच फरक आहे आणि तो मला पुरतो.

त्या दिवसांत मी बधिर झाले होते, हे खरं आहे. सकाळी मातीचा ओलावा मोजायचा, पातीचं तापमान घ्यायचं, संध्याकाळी बाटली बघायची. काम चोख व्हायचं. सर माझं कौतुक करायचे. दादा, माझा मोठा भाऊ, रांजणगावला कंपनीत शिफ्टमध्ये होता आणि तिथंच खोली घेऊन राहायचा. सुट्टीला घरी आला की आईशेजारी बसून तिचे पाय चेपायचा आणि बाथरूममध्ये जाऊन रडून यायचा. मला त्याचा रागच यायचा. रडायला याला वेळ कसा मिळतो?

काढणी तोंडावर आलेली असताना आई गेली. दवाखान्यात, सकाळी. घरी आणल्यावर कुणीतरी तुळशीचं पान आणि गंगाजल आणलं. दादानं तिच्या तोंडात पाणी घातलं. ते आत गेलंच नाही, ओठांच्या कडेनं गळ्यावर ओघळलं. मी ओढणीनं पुसलं आणि माझ्या मनात आलं, एवढं चालेल. हे मी कुणाला सांगितलं नाही.

मग घर माणसांनी भरलं. मी एका कोपऱ्यात बसून होते. लोक येऊन माझा हात धरायचे आणि मी तो धरू द्यायची. आबांचा मात्र रोज फोन यायचा. आईबद्दल ते काही बोलायचे नाहीत. "वाफं कोरडं हायेत. तुमी तिकडलं बघा," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. दिवसभरात मला तेवढंच एक वाक्य नीट ऐकू यायचं.

दहाव्याला आबा दौंडला आले. धुतलेला सदरा, टोपी, हातात काही नाही. भीमेच्या घाटावर पिंड ठेवले, द्रोणात पाणी ठेवलं आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले. कावळे होते. लिंबावर होते, तारेवर होते, पण एकही खाली उतरेना. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून मग लोक इच्छा ओळखायला लागले. मामांनी जिलेबी आणवली. कुणी चहा ठेवला. मग मामा दादाला म्हणाले, बहिणीचं बोल. दादा हात जोडून म्हणाला, "आई, हिचं लग्न मी करून देतो." घाटावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कावळे जागचे हलले नाहीत. त्या सबंध दिवसात मला तेवढा एक क्षण बरा वाटला.

उन्हं चढली तरी तेच. आबा हळूच माझ्या बाजूला येऊन उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "कशात जीव हुता त्यांचा?"

"पाण्यात," मी म्हणाले. "दुसरं काय."

आबा पिंडापुढच्या द्रोणाकडे बघायला लागले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. प्रवचन सुरू झालं तेव्हा मागे वळून बघितलं तर आबा निघून गेलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी काढली. अजून तेरावा व्हायचा आहे, सुतकात कुठे चाललीस, म्हणून आत्या ओरडली. मी म्हटलं, काम आहे. काम होतंच. काढणीआधीची शेवटची मोजमापं घ्यायची होती, कोरड्या वाफ्यांची. तेवढी झाली की माझं सुटलं. पण खरं सांगायचं तर घरात ज्या जागी आईला ठेवलं होतं तिथे दिवा आणि पाण्याचा तांब्या ठेवलेला होता, तोही गळ्यापर्यंत भरलेला, आणि येता-जाता माझं लक्ष त्याच्याकडे जात होतं. काढून अर्धा करावा असं हाताला वाटत होतं.

पारगावच्या पुलावर नदीला पाणी दिसलं. मी थांबले नाही.

निमोण्याला पोचले तर मोटर चालू होती. लाईट होती, त्यात काही नवल नाही. पण सबंध रान कोरडं होतं. काढणी जवळ आली म्हणून बाकीच्या वाफ्यांचं पाणी आधीच बंद केलेलं. ओले होते ते फक्त लाल रिबिनीचे वाफे. सगळे. भेगांमधून पाणी आत जात होतं आणि मातीचा वास सुटला होता. रस्त्याकडेच्या वाफ्याशी आबा उभे होते, अनवाणी, धोतर वर खोचलेलं. कॉकच्या शेजारी मातीत एक नारळ फोडून ठेवला होता आणि त्यावर हळद-कुंकू होतं.

मला बघून ते दचकले नाहीत. मी येणार हे त्यांना माहीत असावं.

"तुमच्या आईच्या नावानं दिलं," ते म्हणाले. "म्या शब्द मोडला. तुमचं नुस्कान झालं, त्ये मला ठावं हाय. पर काल घाटावर ऱ्हावलं न्हाई. एक जीव तान्हेला गेला आन् हितं माझ्या रानात ही लेकरं तशीच. रातभर डोळ्याला डोळा न्हाई लागला."

मी वाफ्याकडे बघितलं. या वाफ्याचा आता कशालाही उपयोग नव्हता. मोजमापं गेली, हंगाम गेला, विषय गेला. सरांना फोन करून काय सांगायचं ते वाक्य मी मनात तयार केलं, आणि ते अगदी नीट तयार झालं. त्या कांद्यांनाही या पाण्याचा फायदा नव्हता. वाळायला टेकलेल्या कांद्याला असं पाणी दिलं तर तो फुटतो नाहीतर सडतो, हे आबांना माझ्याइतकंच माहीत होतं. तरी दिलं. मला राग यायला हवा होता. मी त्याची वाट बघत उभी राहिले.

आला नाही. माझे पाय ओले झाले होते. चपला काढून मी बांधावर बसले आणि नळीच्या एका छिद्रातून पाण्याचा थेंब येतो, पडतो, पुन्हा येतो, ते बघत राहिले. कावळा वगैरे कुणी आलं नाही. आलं असतं तरी मला त्याचं काही नव्हतं. मग मला रडू यायला लागलं, आधी नाकातून, मग नीट. आबा दुसरीकडे बघत उभे राहिले.

सूर्य बराच वर आला. वाफा भरला, पाणी सरीत उतरायला लागलं. रस्त्यावरून एक मोटरसायकल थांबून पुन्हा गेली. आबा वाकले आणि त्यांनी कॉकवर हात ठेवला.

"बास का, पोरी?"

"अजून थोडं," मी म्हणाले.