महाराजांच्या नावावरची गाडी

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. पोलिसाच्या नोकरीत खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले, पण अमरावतीच्या एका सज्जन भटजींनी दिला तेवढा वैताग कुणीच दिला नाही. त्यांचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे भटजींना महाराज म्हणतात, तेच पुरे.

माझी निवृत्ती जवळ आली होती. दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर एका फाट्याजवळ एसटीची वाट पाहत उभ्या असलेल्या अंगणवाडी सेविकेला पांढऱ्या कारने उडवलं. कार थांबलीच नाही. बाईचा पाय मांडीपासून चुरला होता. मागून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने नंबर नीट वाचला होता आणि फेरी संपताच ठाण्यात येऊन सांगितला. घटनास्थळाच्या पंचनाम्यात हेडलाइटच्या काचांचे तुकडे जप्त झाले. मोबाइलवर नंबर टाकला, तर मालक म्हणून महाराजांचं नाव आलं. म्हटलं, चला, सोपी केस आहे.

महाराज पूजा आटोपून बाहेर आले. सत्तरीला टेकलेले, डोळ्यांना जाड चष्मा.

"कार? ती तर मी कधीच विकली, साहेब."

"मग अजून तुमच्या नावावर कशी?"

"नाव चढवायच्या टीटी फॉर्मवर सह्या करून दिल्या होत्या की."

"वरचा मजकूर कोणी भरला?"

"कोरा होता. घेणारा म्हणाला, मी भरतो."

"तारीख? विकल्याची पावती?"

"वलगावचा शेतकरी तो, घरचा यजमान. त्याच्याकडून पावती घ्यायची?" आणि वर म्हणाले, "मुहूर्त मात्र उत्तम काढला होता."

मी कपाळावर हात मारला. मुहूर्त पाहिला, आरटीओचं दार काही पाहिलं नाही.

जबाबासाठी त्यांना ठाण्यात आणलं. अपघाताच्या वेळी ते एका साखरपुड्याला होते, अख्खा मांडव साक्षीला होता. पण गाडी कोणाच्या ताब्यात होती, हे सांगायची जबाबदारी मालकाचीच. तेवढ्यात त्या बाईचा नवरा आला. दवाखान्यातून थेट आला होता, अंगावरच्या शर्टाला रक्त तसंच होतं.

"कागदावर याईचंच नाव हाय ना, साहेब? मंग याईले आत टाका! खुर्चीवर काहून बसवून ठेवलं?"

महाराज खुर्चीवरून उठून उभे राहिले. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. गुन्ह्यात नाव आलेल्या भटजीला मांडवात कोण उभं करणार? उभी हयात ज्या नावावर पोट भरलं, तेच नाव पणाला लागलं होतं. मला त्यांची दयाही येत होती आणि रागही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशाने फास स्वतःच विणून दिला होता.

वलगावच्या शेतकऱ्याला फोन लावला.

"थे तं मी कवाच इकली, साहेब. अकोटच्या एका दलालामार्फत. त्याच फॉर्मासंगं देऊन टाकली."

"तुझ्या नावावर का नाही करून घेतली?"

"महाराजाईच्या नावाची गाडी! पायगुण चांगला. नाव बदलून कायले इस्कोट करावा?"

घेणाऱ्याचं नाव त्याला माहीत नव्हतं, आणि दलालाचा फोन बंद. माझा आवाज चढला. मी महाराजांकडे वळलो. "विकल्यानंतर ती गाडी पुन्हा कधी तुमच्या नजरेस पडली का?"

"पडली ना. दर दसऱ्याला पूजेला माझ्याकडेच येते."



"अहो, हे आत्ता सांगता?"

"तुम्ही व्यवहाराचं विचारत होता, साहेब. हे पूजेचं झालं."

हवालदार तोंड फिरवून हसला. मला हसू येत नव्हतं. "यंदा कोणी आणली होती?"

"चेहरा आठवत नाही. त्या दिवशी गाड्यांची रांग असते." मग त्यांनी डोळे मिटले, उजव्या हाताची ओंजळ केली आणि काहीतरी पुटपुटू लागले. नाव-गोत्र घेतल्याशिवाय संकल्पाचं पाणी सोडता येत नाही. "गोत्र ठाऊक नाही म्हणाला, तेव्हा मी काश्यप सांगितलं. गाव अकोट," असं म्हणत त्यांनी वडिलांच्या नावासकट माणसाचं पूर्ण नाव सांगितलं.

अकोटला पोचलो. तो माणूस कापसाच्या जिनिंगला मजूर पुरवणारा ठेकेदार निघाला. गोठ्यात ताडपत्रीखाली कार सापडली, एक हेडलाइट फुटलेला. आमच्याकडचे तुकडे त्यात नेमके बसले. तरी गडी हलेना.

"गाडी माही हायच नाही, साहेब. आरसी पाहा. महाराजाईची हाय. कोणी आणून ठेवली, मले काय म्हाईत?"

ज्या कागदाकडे त्याने आजवर ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याच्याच आड तो आता लपत होता. अशा वेळी हात शिवशिवतात, पण मी महाराजांना समोर आणून बसवलं. माणूस सवयीने वाकला आणि पाया पडला.

महाराजांनी शांतपणे विचारलं, "दसऱ्याला हातावरून पाणी कोणाच्या नावाने सोडलं होतं?"

त्याने महाराजांपुढे हात जोडले. "माह्याच," म्हणाला. "बाई दिसलीच नाही. भेवलो अन् पळून गेलो."

"मग गाडी स्वतःच्या नावावर का केली नाहीस?" मी ओरडलोच.

"महाराजाईच्या नावावर होती म्हणून इतके दिवस खरचटलं बी नाही तिले."

तिकडे एका बाईचा पाय कायमचा गेला होता आणि याला गाडीचं खरचटणं आठवत होतं. मला त्याची किळस आली.

त्याच्यावर दोषारोपपत्र गेलं. महाराज साक्षीदार झाले. मला वाटलं, फाइल मिटली. काही महिन्यांनी महाराज घरी आले, हातात नोटीस. त्या बाईने भरपाईचा दावा लावला होता, आणि तो तिचा हक्कच होता. गाडीचा विमा वलगावच्या शेतकऱ्याने पहिल्या वर्षी भरला, त्यानंतर कुणीच भरला नव्हता. आणि कायद्यात मालक तोच, ज्याचं नाव आरसीवर.

"खरा माणूस तुम्ही धरून दिला ना, साहेब? मग भरपाईत माझं घर का जावं?"

"गुन्हा त्याचा, महाराज. मालकी तुमची."

हे बोलताना मला फार वाईट वाटलं. दावा अजून चालू आहे. महाराज तारखेला जातात, ती बाईही कुबडी घेऊन येते. दोघंही एकाच बाकावर बसतात, असं ऐकतो.

या केसने मला एक शिकवलं. आपल्याकडे निम्मी लफडी लबाडीतून नाही, भिडेतून होतात. घरच्या माणसाकडे कागद मागायचा कसा, म्हणून लोक गप्प बसतात. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

गेल्या दसऱ्याला मी माझी गाडी पूजेला नेली. माझ्या पुढे जुनी कार घेतलेला एक जण होता. महाराजांनी नारळ बाजूला ठेवला.

"आधी आरसी दाखव."

"नाव चढाचंच हाय, महाराज. होऊन जाईन. तुमी नारळ तं फोडा."

"नाव चढव, मग ये."

तो कुरकुरत गाडी घेऊन गेला. मी पुढे सरकलो आणि ओळखीचं हसलो. महाराज हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला.

"साहेब, तुमचीही."

मी निमूट पाकिटातून आरसी काढून दिली. महाराजांनी चष्मा सारखा केला, माझं नाव वडिलांच्या नावासकट मोठ्याने वाचलं, आणि मगच नारळ उचलला.