हरण्याचा खुंटा

गाव सोडून शहरात राहायला जाताना माणसं काय काय बरोबर नेतात! कोणी देव्हारा नेतं, कोणी पितळेची घागर, कोणी नुसतीच जुनी भांडणं. बन्सीलाल नानांनी गोठ्यातला खुंटा नेला. शिंदखेड्याजवळच्या गावातून धुळ्याला निघालेला टेम्पो भरून उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला होता, आणि नाना आपले गोठ्यात वाकून पहारीने जमीन उकरत होते. शेवटी हातभर लांबीचा तो बाभळीचा ओंडका काखेत मारून ते टेम्पोत चढले, तेव्हा सुगंधाबाई नवऱ्याला सोडून ड्रायव्हरलाच म्हणाल्या, "देखा भाऊ! लोके देव लई जातस, आन हाऊ माणूस खुंटा लई चालना."

माणसांना उत्तर देण्याची नानांना फारशी सवय नव्हती. जन्मभर ते बोलले ते बैलांशी.

खुंटा हरण्याचा होता. हरण्या घरच्याच गाईचा गोऱ्हा, पिकल्या गव्हाच्या रंगाचा, आणि इतका लडिवाळ की नाना वैरण टाकायला वाकले की पाठीवर मान टाकायचा. ट्रॅक्टर आला, जोडीदार बैल गेला, लोकांनी हरण्याला विकून टाका म्हणून डोकं खाल्लं. नानांनी विकला नाही. हरण्या म्हातारा होऊन त्याच खुंट्यापाशी बसला आणि उठला नाही. मग नानांचंही मन गावातून उठलं. वावर निमबटाईने, अर्ध्या वाट्यावर, दिलं. मुलाने, जितेंद्रने, धुळ्याला देवपुरात घर घेतलं आणि नोकरीपायी स्वतः नाशिकला राहिला. घरात राहिले म्हातारा-म्हातारी. खुंटा पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेला.

तसं धुळ्यात नानांना काही कमी नव्हतं. दवाखाना जवळ, भाजीवाला दारात. पण पहाटे जाग आली की हात वैरणीसाठी शिवशिवायचे, आणि उठून करायचं काय, तर मोबाईलवर आलेले सुविचार वाचायचे. सुविचार वाचून कोणाचं पोट भरलंय? नाना घरात असून नसल्यासारखे झाले होते. सुगंधाबाईंना ते दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच त्या जास्त चिडचिड करत होत्या.

असेच एकदा नाना सकाळी फिरायला गेले असता, कॉलनीच्या टोकाला राहणाऱ्या डॉक्टरांचं कुत्रं समोरून आलं. मोठं, केसाळ, आणि रंग पिकल्या गव्हाचा. नाना थबकले. कुत्रं भुंकलं नाही की हुंगलं नाही. सरळ आलं आणि नानांच्या मांडीवर अंगाचा सगळा भार टाकून उभं राहिलं. नानांचा हात आपोआप त्याच्या मानेखाली गेला, जिथे हरण्याला खाजवलेलं आवडायचं तिथेच. डॉक्टरांनी 'गोल्डन रिट्रीव्हर' असं नाव सांगितलं. नानांना ते नाव काही जिभेवर बसवता आलं नाही, पण घरी येऊन त्यांनी चपला काढायच्या आधी जाहीर केलं, "असं कुत्रं आपले आननं शे."

"येडा व्हयनात का, जितूना बाप?" सुगंधाबाई कडाडल्या. "मन्हा गुडघा माले उचलत नहीत, आन वरतून कुत्रं?"

"घरमा जित्राब नही ते घर घर वाटत नही," नाना म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट असावी.

जितेंद्रने फोन फिरवून एरंडोलच्या दिपमालाताईंचा पत्ता काढून दिला. या बाई घरी गोल्डन रिट्रीव्हर पाळत, त्यांची पिल्लं देत. पण त्यांची एक अट होती. आधी घर बघायला येणार, पसंत पडलं तरच एक मादी पिल्लू देणार. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या रविवारी त्या येणार होत्या.

"म्हंजे पोर देवाना आगुदर घर देखतस तसं!" सुगंधाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा सगळा नूरच पालटला. कुत्र्याला त्यांचा विरोध होता, पण कोणी घर बघायला येणार आणि नाक मुरडून जाणार, हे त्या जिवंत असताना होणं शक्य नव्हतं. "देखू द्या. मन्हा घरले नाव ठेवणारं आजून कोनी जन्मेल नही."

झालं. घरात लग्नघाई सुरू झाली. जळमटं काढली, पायऱ्या घासल्या, फक्त व्याह्यांसाठी ठेवलेल्या कपबशा खाली आल्या. दिवाणावर नवी चादर आली आणि घरातला सगळा पसारा, जसा सगळीकडे जातो तसा, दिवाणाखाली गेला. नानांची तयारी अंगणात चालली होती. पेरूच्या झाडाखाली त्यांनी गोठ्यात टांगायचे तसे पोत्याचे पडदे टांगले, उन्हात पाणी मारलं की गारवा राहावा म्हणून. मातीची पसरट कुंडी आणली. आणि माळ्यावरून खुंटा काढला. कितीतरी दिवसांनी त्यांनी पहार हातात घेतली होती. खुंटा ठोकून त्याला पाणी घातलं, हळद-कुंकू वाहिलं. बाजारात पट्टे-साखळ्या हव्या तेवढ्या मिळत होत्या, पण नानांनी अंबाडीचं मऊसूत दावं स्वतः वळलं, गळ्याला काचू नये म्हणून फडक्यात गुंडाळलं. हे सगळं करताना ते काहीतरी पुटपुटत होते. सुगंधाबाईंनी खिडकीतून ऐकलं. म्हातारा खुंट्याशी बोलत होता.

दिपमालाताई आल्या. चाळिशीच्या, ठसठशीत बाई, बोलायला मोकळ्या. सुगंधाबाईंनी त्यांना दिवाण दाखवला, तर त्या फतकल मारून बसल्या जमिनीवर.

"अक्का, पिल्लाला घर इथून दिसतं," असं म्हणून त्यांनी चादर उचलली आणि दिवाणाखाली पाहिलं. तिथे लोंबत्या वायरी, डांबराच्या गोळ्या, जितेंद्रचे कॉलेजातले बूट आणि फुटक्या बादलीत खुपसलेला खराटा एवढं वैभव होतं. सुगंधाबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण दिपमालाताई हसल्या. वायरी वर बांधा, गोळ्या टाकून द्या, बूट मात्र राहू द्या, तिचे दात शिवशिवले की लागतील, म्हणाल्या. कूलर बघून त्यांना बरं वाटलं. शेवभाजी खाऊन तर फारच बरं वाटलं. सोयरीक जमल्यातच जमा होती.

मग नाना त्यांना अंगणात घेऊन गेले.

खुंटा बघून दिपमालाताईंचं हसू मावळलं. "हे कोणासाठी?"

"तिन्हासाठीच शे ना, ताई," नाना अभिमानाने म्हणाले. "दावंबी मी सोता वळेल शे."

दिपमालाताईंनी पर्स खांद्याला लावली. "नाना, रागावू नका. मी पिल्लू बांधायला देत नाही. एकाला दिलं होतं, मोठ्या बंगल्यात. वर्षभर साखळीला होतं. परत आणलं तेव्हा मानेला जखम होती. त्या दिवसापासून कानाला खडा लावलाय."

"पन खुंटा नही ते जित्राबनं घर कोनतं?" नानांना काही केल्या समजेना. त्यांच्या हिशेबी खुंटा नसलेलं जनावर म्हणजे बेवारस. ज्याचा खुंटा, त्याचं घर. त्यांनी तर घरातली सगळ्यात मोलाची वस्तू पुढे केली होती. दिपमालाताईंनी हात जोडले आणि व्याह्यांच्या कपातला चहा तसाच ठेवून त्या निघून गेल्या.

त्या रात्री नाना जेवले नाहीत. सुगंधाबाईंनी आधी एरंडोलच्या बाईला नावं ठेवली, मग नवऱ्याला, मग त्याही न जेवता पडून राहिल्या. लेक घरी येता येता राहिल्याचं दुःख त्यांना माहीत नव्हतं, कारण त्यांना मुलगीच नव्हती. आखाजीला गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी यायच्या, झोके बांधायच्या, आणि यांच्या दाराशी कधी कोणी आलं नाही. या वेळी येईल असं त्यांनी मनातल्या मनात धरलं होतं. आता कुठे ते त्यांच्या लक्षात आलं.

दोन दिवस नाना अंगणात फिरकले नाहीत. तिसऱ्या सकाळी त्यांनी खुंटा उपटला, पोत्यात गुंडाळला आणि टोपी घातली.

"कथा चालनात?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"एरंडोलले जाई येस."

"खुंटा लई?"

नानांनी मान हलवली. पिल्लू मिळो न मिळो. पण हरण्याच्या खुंट्याला कोणी जखमेचा खुंटा समजावं, हे त्यांना सहन होत नव्हतं. एसटीत कंडक्टरने विचारलं, "आबा, झाड लावायला चालले का?" सगळं बोलणं नाना एरंडोलसाठी राखून ठेवत होते.

दिपमालाताईंच्या मागच्या अंगणात जांभळीखाली पिल्लांची आई पसरली होती आणि तिच्या अंगावर लोकरीच्या गुंड्यांसारखी पिल्लं लोळत होती. नाना तिथेच खाली बसले आणि त्यांनी पोतं उलगडलं.

"ताई, हे वरचं टोक बघा," ते म्हणाले. "हात लावून बघा."

खुंट्याचं वरचं टोक तेल लावल्यासारखं गुळगुळीत होतं. कधी न बोलणारा माणूस मग बोलत राहिला. हे टोक सुताराने घासलेलं नाही, हरण्याने मान घासून घासून असं केलंय. म्हातारपणी नानांनी त्याचं दावं सोडून टाकलं होतं. कुठेही जा बाबा, म्हणाले होते. हरण्या दिवसभर शिवारात हिंडायचा आणि दिवे लागायला आपण होऊन येऊन या खुंट्याशी उभा राहायचा. मान टेकवायचा. बांधलेला नसायचा, तरी तिथेच.

"बांधायसाठी नही व्हता, ताई," नाना म्हणाले. "त्याले घर सापडावं म्हनीसन व्हता."

उत्तर द्यायला दिपमालाताईंना सवडच मिळाली नाही, कारण एक पिल्लू आईच्या अंगावरून घरंगळत आलं होतं आणि त्याने खुंट्याचं खालचं, जमिनीत गाडायचं टोक तोंडात धरून कराकरा चावायला सुरुवात केली होती. "अगं, अगं!" म्हणत दिपमालाताई धावल्या.

"राहू द्या," नाना म्हणाले. त्यांनी वरचं टोक मुठीत धरलं आणि खालचं तिच्या तोंडाला नीट येईल असं तिरपं केलं. पिल्लू गुरगुरत होतं, ओढत होतं. नाना हसत होते आणि डोळे टोपीने पुसत होते.

दिपमालाताई आत गेल्या आणि एक जुनं फडकं घेऊन आल्या. "नाना, हे हिच्या आईखालचं आहे. ही घरी आली की जवळ ठेवा, म्हणजे पहिल्या रात्री रडणार नाही. आखाजीला मी स्वतः सोडायला येते. तुमच्या घरी परवाचा चहा राहिलाय माझा."

आखाजीच्या दिवशी पिल्लू आलं. सुगंधाबाईंनी दारातच तिच्या चारही पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि नानांनी तोंड उघडायच्या आत, "ये वं हरणी!" म्हणून तिचं बारसंही उरकून टाकलं. गुडघे उचलत नाहीत म्हणणारी बाई त्या दिवशी जमिनीवरून उठायला तयार नव्हती.

खुंटा काही परत ठोकला गेला नाही. तो हरणीच्या तोंडात असायचा. जितेंद्रच्या बुटांना तिने वास घेऊन सोडून दिलं. रोज संध्याकाळी नाना पायरीवर बसायचे, वरचं टोक मुठीत धरायचे आणि दुसरं तिला द्यायचे. तेवढं एक मात्र होतं. मुठीतल्या टोकाला त्यांनी कधी दात लागू दिला नाही. हरणीने तिकडे तोंड वळवलं की नाना खुंटा उचलून घेत.

पोळ्याला जितेंद्र नाशिकहून आला. मातीच्या बैलांची पूजा झाली, पुरणपोळीचा घास हरणीलाही मिळाला. ती आता चांगली उंच झाली होती, आणि खुंटा तितकाच आखूड. दुपारी नाना पायरीवर बसले तेव्हा त्यांच्या मुठीबाहेर दोन बोटं लाकूड काय ते उरलं होतं.

"नाना, आता ठेवून द्या उचलून," जितेंद्र म्हणाला. "हरण्याची आठवण म्हणून तेवढा तरी राहू द्या."

नानांनी मुठीकडे पाहिलं. हरणी समोर उभी होती. लाकूड मिळत नाही असं बघून तिने नेहमीसारखी पुढे होऊन त्यांच्या गुडघ्यावर मान टाकली, सगळा भार देऊन, आणि डोळे मिटले. नानांचा मोकळा हात तिच्या मानेखाली गेला.

"खाऊ दे रे," ते म्हणाले. "इतला वरीस माळ्यावर पडेल व्हता. आते कामले ऊना."

असं म्हणून त्यांनी मूठ उघडली, खुंटा फिरवला आणि गुळगुळीत टोक तिच्या तोंडापुढे धरलं.