गप्प झालेल्याची जागा

लोक विचारतात, तू उपग्रह सोडतेस का? नाही हो. सोडणारे वेगळे. आम्ही महाप्याच्या एका इमारतीत चहा पीत बसतो आणि सोडलेल्यांना ओळीत ठेवतो. आमचे उपग्रह एकाच वाटेने, एकामागून एक, सारखं अंतर राखून पृथ्वीभोवती फिरतात. तेवढ्या उंचीवरही विरळशी हवा असते. ती त्यांना हळूहळू खाली ओढते, आणि गंमत म्हणजे खाली आलेला मागे पडत नाही, उलट वेगाने पुढे पळतो. मग इंजिनाचा छोटासा धक्का देऊन त्याला पुन्हा आपल्या जागी आणायचं. कोण कधी कुठे असेल ते आधी काढायचं आणि धक्का कोणाला द्यायचा ते ठरवायचं, एवढीच माझी नोकरी. शाळेत प्रार्थनेची रांग लावणाऱ्या बाईंचंच काम.

मागच्या पावसाळ्याआधी त्यातला एक गप्प झाला. ठरल्या वेळी अँटेना त्याच्याकडे वळवायची, हाक द्यायची, आणि पडद्यावर नुसती सरळ रेघ. पण गप्प झाला म्हणून त्याचा हिशेब थांबत नाही. आज इथे असेल, उद्या तिथे असेल, असं रोज काढावं लागतं, आणि अंदाजातली चूक रोज थोडी वाढते. मला ते काम जमायचं आणि अंगावरही यायचं, कारण आमच्या घरी ते आधीपासून चालू होतं.

माझा मोठा भाऊ बावीस वर्षांचा असताना एका सकाळी डबा घेऊन जासईच्या कंटेनर यार्डात कामाला निघाला. तिथे पोचलाच नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही. पोलिसांत तक्रार झाली. बाबांनी एपीएमसी मार्केटातले आपले माथाडी सोबती घेऊन पार खाडीपर्यंत शोधलं. आता बाबाही नाहीत. आई मात्र दर दिवाळीला दादासाठी शर्ट घेते. तो गेला तेव्हाच्या मापाचा नाही, आत्ताच्या. अडतीस नंबरवरून चाळीस, मग बेचाळीस, शेवटी चव्वेचाळीस.

"आई, भोपळा आहे का तो?" मी चिडवायचे.

"चाळिशीला टेकला आसंल आता. पोट सुटलं आसंल त्येचं. तुज्या बाचं न्हवतं का सुटलं?"

हसू यायचं. पण कोपरखैरण्याच्या त्या घरात एकटी असले की मी ते कपाट उघडायला घाबरायचे, अजूनही घाबरते. घड्या एकावर एक. खालचा शर्ट लहान, वरचा मोठा. कोणी न घातलेल्या कपड्यांत एक माणूस वाढत होता.

ऑफिसने काही महिने वाट पाहिली, मग मीटिंग घेतली. रांगेतली फट बुजवायची ठरली. बाकीच्यांनी थोडं थोडं सरकायचं. सरकण्यात इंधन जातं आणि ते पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे फट बुजली की बुजली. उद्या तो बोलू लागला तरी त्याला जागा नाही. आराखडा मीच केला, चोख केला. यादीतलं त्याचं नाव मात्र तसंच ठेवलं. मुका झाला तरी तो वर आहेच, बाकीच्यांना धडकू शकतो.

त्या संध्याकाळी आई लसूण सोलत बसली होती. माझा चेहरा पाहून तिने काय झालं ते विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं.

"बोलंना म्हून काढला?"

"हो."

"तुमी समदी शिकल्याली मानसं. समद्यांनी मिळून ठरवलं?"

"हो, आई. खूप वाट पाहिली. त्यापुढे थांबण्यात अर्थ नसतो."

ती पाकळ्या सोलत राहिली. मी आत जाऊन तोंड धुतलं.

तिने त्यातलं काय उचललं ते मला दिवाळीच्या आधी, वाशीच्या दुकानात कळलं. दुकानदार ओळखीचा. शर्ट कोणासाठी ते त्याला ठाऊक नाही, घरात एक दांडगा मुलगा आहे एवढंच तो धरून चालतो. त्याने आपणहून चव्वेचाळीसचे शर्ट काढले.

"अडतीस दाखवा," आई म्हणाली.

"मावशी, गेल्या टायमाला चव्वेचाळीस नेलेला. बारीक झाला काय?"

"न्हाई. त्यो अडतीसच घालायचा."

इतकी वर्षं मी तिला वेड्यात काढत आले होते, आणि आता ती शहाणी झालेली मला नको होती. तिने एक निळा शर्ट चाचपला, त्याची कॉलर सरळ केली आणि बांधायला सांगितलं. दुकानदार माझ्याकडे बघू लागला.

मी तो शर्ट तिच्या हातातून काढून घेतला.

"चव्वेचाळीसचाच द्या," मी म्हणाले. "पोट सुटलं असेल त्याचं."