बिनगुळाची पुरणपोळी

गुलामगिरी संपल्याचा सण साजरा करण्यासाठी माझ्या धाकट्या मावशीइतकी माणसं आजवर कुणीच वेठीला धरली नसतील. त्रिनिदाद बेटावरच्या एका कृष्णवर्णीय इंजिनिअरशी लग्न करून ती अमेरिकेत, प्लेनो गावात संसार करत होती आणि सासरचा मुक्तिदिन सासरच्यांपेक्षा अंमळ जास्तच निष्ठेने पाळत होती. एक ऑगस्टला त्यांच्याकडचे गुलाम सुटले. आमची मात्र धरपकड व्हायची. मी तेव्हा एम.एस. करत होतो, म्हणजे फुकट जेवणासाठी कुठलंही स्वातंत्र्य गहाण टाकायला तयार. टेक्सासच्या उन्हात टेबलं मांडून "मावशी, जरा बसू?" म्हटलं की उत्तर यायचं, "बस की! आज सगळे फ्री आहेत. आधी त्या खुर्च्या पूस."

काकांच्या घराण्यात आफ्रिका होती, थोडा चीन होता आणि हिंदुस्तानही होता. कारण गुलाम सुटल्यावर उसाच्या मळ्यांत राबणार कोण, म्हणून गोऱ्या मालकांनी आपल्याकडची माणसं करारावर बोटी भरभरून नेली. माणुसकीचा पाझर फुटला की पर्यायी व्यवस्थाही लगेच होते. हा इतिहास ऐकल्याशिवाय पाहुण्यांच्या हातात प्लेट पडत नसे. मराठी मंडळातल्या एका काकूंनी "पण हा सण आपला कुठे गं?" असं विचारलं, तर मावशीने त्यांना कांदे चिरायला बसवलं.

मावशीने हे लग्न केल्यापासून माझी आई तिच्याशी बोलत नव्हती. त्या वर्षी आई माझ्याकडे आली होती. "फक्त चहा घेईन" या अटीवर मी तिला नेलं. आदल्या दिवशी मावशीचा फोन. "ताई जेवेल ना रे?" हुकूम न सोडता तिने मला विचारलेला हा एकच प्रश्न.

आई कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात परक्यासारखी उभी. आत काका डालपुरी लाटत होते, म्हणजे वाटलेल्या डाळीचं सारण भरलेली पोळी. आईने बराच वेळ सोसलं.

"गूळ विसरले वाटतं," ती मला म्हणाली. मी भाषांतर केलं.

काका हसले. "नो, नो. ओन्ली जिरा अँड गार्लिक. माय आजी मेड इट सो."

"आजी?" आईने कप खाली ठेवला. "यांच्यातही आजीच म्हणतात?"

"त्यांच्या वडिलांची आई. बिहारकडची होती," मावशी म्हणाली. एवढा हळू आवाज तिच्याकडे असल्याचं मला ठाऊक नव्हतं.

"पुरणपोळीत लसूण! आता आजीनेच सांगितलंय म्हटल्यावर बोलणं खुंटलं." आईने पदर खोचला. "पण कडा फुटतायत. सरका बघू. आणि तू गं, बघत काय राहिलीस? तूप काढ."

मावशी तूप काढायला गेली आणि फ्रिजचं दार उघडून, आमच्याकडे पाठ करून, तशीच उभी राहिली. उकाडाच तसा होता.

आई पोटभर जेवली, प्रत्येक डालपुरीला नावं ठेवत.

मावशी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. एक ऑगस्टला मला कुणी कामाला जुंपत नाही. मी अगदी मोकळा असतो. तरीही त्या सकाळी मी अंगणातल्या खुर्च्या पुसून ठेवतो. बसत मात्र नाही. कुणी 'बस की' म्हणाल्याशिवाय बसवत नाही.