अर्जाची चौथी प्रत

नारायणराव गेल्याची बातमी गडचिरोलीच्या मोटारीच्या कंडक्टरने आणली. मी शाळेच्या सामानाची यादी करत होते. पाट्या, खडू, घंटा... पुढची ओळ रिकामीच राहिली. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून माझे भाऊजी. सरकारी सनद घेऊन कचेरीच्या व्हरांड्यात लोकांचे अर्ज लिहिणं हा त्यांचा धंदा. शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, “माणूस भला, पण भावनेच्या भरात एक शब्द चुकला आणि सनद गेली.” शब्द चुकला नव्हता. म्हणून हे लिहिते आहे.

भाऊजींना इंग्रजीतल्या ‘लॉ’ या शब्दाचं वेड होतं. अर्जात तो रोज लागायचा, म्हणून एका वहीत त्याचे उपयोग ते क्रमाने उतरवत. यादी करायची खोड मलाही, त्यामुळे आमचं जमायचं. सरकारचा कायदा तो लॉ. सोसायटीचे पोटनियम ते बाय-लॉ. सोडलेला दगड खाली येतो तोही लॉच, आणि त्याला शिपाई लागत नाही. घरात हुकूम सोडणारा माणूस लॉ सांगतो, कुणाचंच न ऐकणारा स्वतःच लॉ असतो. “हे तुझ्या बहिणीचं,” म्हणत आणि आतून भांडं आपटल्याचा आवाज येई. “अन् अकराव्या ओळीत तू, सिस्टर-इन-लॉ! इंग्रजानं तुले कायद्यानं बहीण केलं. आता पळून दाखव.”

जमीनदारी गेली, त्यानंतरच्या एका चैत्रात एटापल्लीकडच्या एका गोंड गावचा गायता, म्हणजे पुजारी, चार बायांना घेऊन आला. त्यांच्या मोहाच्या झाडांवर तोडीसाठी सरकारी घनाच्या, म्हणजे हातोड्याच्या, खुणा पडल्या होत्या. झाडं सरकारी जंगलात, पण कुठलं झाड कोणत्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. ज्या घरानं झाडाखालची जागा झाडायची, त्यानंच फुलं वेचायची. भाऊजींनी इंग्रजी अर्जात लिहिलं, हा आमच्या गावचा लॉ आहे. कचेरीच्या साहेबांनी लाल शाईनं ‘लॉ’ खोडला, वर ‘सवय’ या अर्थाचा शब्द लिहिला आणि अर्ज परत पाठवला. भाऊजींनी दुसरी प्रत केली. माझं अक्षर बरं, म्हणून तिसरी मी केली. तिन्हींत शब्द तोच.

शेवटी साहेब स्वतः गावात आले. आम्ही दोघंही गेलो होतो. “किस किताब में लिखा है तुम्हारा लॉ?” साहेबांनी विचारलं. गायता जंगलाकडे चालू लागला. सकाळची वेळ, झाडाझाडाखाली बाया फुलं वेचत होत्या. एकाच झाडाखाली सडा तसाच पडलेला... वरची फुलं ताजी, खालची सुकून तपकिरी.

“हे काऊन पडून आहे?” भाऊजींनी मुद्दाम विचारलं.

“त्या घरचे मयतीले गेले, भाऊ. तीन दिस झाले,” गायता म्हणाला.

“तो उठा लो,” साहेब म्हणाले.

बाया हसल्या. एक म्हणाली, “साहेबालेच पाहिजेत वाटते!”

“दुसऱ्याचं झाड हाये, साहेब,” गायता म्हणाला. “इथी पहारा नाई, शिपाई नाई. तरी पडून हाये.”

त्या वर्षी झाडं वाचली, शब्दाला मात्र माफी मिळाली नाही. तो अनवधानाने पडला असं साहेबांनी भाऊजींकडून लिहून मागितलं. “एकच ओळ तर आहे,” बहीण रडवेली होऊन म्हणाली. “ते ओळ मी लिहिली, तं उद्या त्या बाया आपल्याच झाडाखाली चोर ठरतीन,” भाऊजी म्हणाले. सनद गेली. दुसऱ्या दिवशी ते पेटी घेऊन व्हरांड्यातून उतरले आणि समोरच्या कडुलिंबाखाली बसले. अखेरपर्यंत तिथेच बसले. अर्जावर लिहिणाऱ्याचं नाव नसे, पण अक्षर सगळी कचेरी ओळखायची.

गेल्या आठवड्यात गायता शाळेत आला. झाडांवर पुन्हा खुणा पडल्या आहेत. “भाऊ तं नाई आता,” तो म्हणाला.

पेटी माझ्याकडे आहे. दौत, टाक, लाल रेघेची पहिली प्रत, वही. वहीतली शेवटची ओळ अशी: दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल उचलायचं नाही. पुढे त्यांच्या अक्षरात, लॉ.

चौथी प्रत मी काल केली. शब्द तोच आहे. ज्यांना तो चुकीचा वाटतो त्यांनी लाल शाई खुशाल काढावी. पाचव्या प्रतीचा कागद मी आखून ठेवला आहे.