पिशवीत हात घालणारी लॉरेल

लॉरेल टूही आमच्या वारंबी गावात शाळेची बस चालवायची. रस्त्याकडेला कांगारू मरून पडलेला दिसला की ही बाई भरलेली बस थांबवायची, खाली उतरायची आणि मेलेल्या मादीच्या पोटाच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालायची. मुलं खिडक्यांना नाकं लावून बघायची. बहुतेक वेळा आत काही नसायचं. कधी मात्र अंगठ्याएवढं बिनकेसांचं काहीतरी आचळाला चिकटून वळवळत असायचं. मग लॉरेल कात्रीने ते आचळच कापायची, कारण ओढलं तर पिल्लाचं तोंड फाटतं. पिल्लू स्वेटरच्या आत ठेवून ती उरलेल्या मुलांना घरोघर सोडायची. पालकांनी तक्रारी केल्या. लॉरेलने एकालाही भीक घातली नाही.

बसची नोकरी सुटल्यावर ती टेकडीवरच्या अभयारण्यात फुकट राबायला लागली. मीही तिथलाच फुकट्या. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून तिथली कुंपणं दुरुस्त करतो, कारण घरी बसलो तर बायको भांडी घासायला लावते.

फुलीची पद्धत आमच्याकडे लॉरेलनेच आणली. पिशवी तपासून झाली की मेलेल्या जनावरावर गुलाबी रंगाची ठसठशीत फुली मारायची. फुली म्हणजे कोणीतरी हात घालून बघितलं आहे, तू थांबू नकोस. आमच्या रस्त्यावर लाकडाचे ट्रक वळणावरून अंगावर येतात, तिथे उगाच थांबणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे फुली दिसली की आम्ही बिनघोर पुढे जायचो. नवीन माणसाला लॉरेल दम भरायची, "हात घातल्याशिवाय रंगाचा डबा उघडलास तर तुझ्याच टकलावर फुली मारीन." आणि तिने ती मारलीही असती.

अभयारण्यात तिचा जीव कशात अडकला असेल तर तो पर्सीत. पर्सी म्हणजे खरजेने दोन्ही डोळे गेलेला एक म्हातारा वॉम्बॅट, बिळात राहणारं, गवत खाणारं अस्वलासारखं गुबगुबीत जनावर. भला मोठा, हट्टी आणि मला विचाराल तर महाकजाग. तो लॉरेलच्या हातचंच खायचा. एकदा ती तापाने फणफणून घरी पडली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याच्यापुढे रताळी, गाजरं, कोवळं गवत असं सगळं मांडून पाहिलं. पठ्ठ्याने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. पाठीची हाडं वर आली. शेवटी लॉरेल ताप अंगात घेऊन आली आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसली, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं. ती आली नाही तर पर्सी मरणार, हे त्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक झालं. सगळ्यांना म्हणजे टेगनलाही.

टेगन ही आमची नवी व्यवस्थापक, शहरातून आलेली. दात पांढरेशुभ्र, बोलणं मधात घोळलेलं. आमच्याकडे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. ही एकटी म्हाताऱ्यांना "तुम्ही" म्हणायची, आणि तिने "तुम्ही" म्हटलं की मी हातोडी उचलून कुंपणाकडे निघायचो.

"लॉरेल, तुम्ही आमचं वैभव आहात," ती म्हणाली. "म्हणून तुम्हाला आता जपायचं ठरवलंय. सत्तरीपुढच्या कोणालाही रस्त्यावर पाठवायचं नाही, विमावाले ऐकत नाहीत. तुम्ही दुकान सांभाळा."

"दुकान? मी जन्मभर पोरांना दटावत आले. मला काय विकता येणार?"

"हसतमुख राहायचं. बास."

"तेच तर जमत नाही ना, बाई."

पण ती बसली दुकानात. दुकानात बसली तरच मागच्या दाराने पर्सीकडे जाता यायचं. कापडी कोआला, कापडी कांगारू आणि प्राण्यांची चित्रं असलेले टॉवेल विकताना तिचा चेहरा असा असायचा की गिऱ्हाईक सुटे पैसे परत न घेताच पळायचं.

आणि रस्त्यावर कोण गेलं? 'एक दिवसाचे प्राणिरक्षक'! शहरातली हौशी माणसं पैसे भरून यायची, त्यांना केशरी जॅकेट मिळायचं, हातमोजे मिळायचे आणि गुलाबी रंगाचा डबा मिळायचा. फुली मारायची, शेजारी उभं राहून फोटो काढायचा, पुढच्या जनावराकडे जायचं. मेलेल्या नरावरही फुली! नराला पिशवी कुठून असणार? लॉरेल ते फोटो बघायची आणि कापडी कांगारू पुन्हा रांगेत लावायला घ्यायची.

थंडीतल्या एका शनिवारी संध्याकाळी घरी जाताना तिला गिरणीच्या वळणावर एक मादी पडलेली दिसली. अंगावर ताजी फुली. लॉरेल नियमाप्रमाणे न थांबता पुढे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी येताना बघते तर त्याच मादीच्या पोटाशी कावळे जमलेले. ती थांबली. पिल्लू अर्धं पिशवीबाहेर आलं होतं, अंगावर छान लव आलेलं, कान उभे. रात्रभरच्या हिमाने लाकूड झालं होतं.

मी टेगनच्या खोलीच्या दाराची कडी बसवत होतो तेव्हा लॉरेल आली. गळ्यातल्या मफलरमध्ये गुंडाळून आणलेलं ते पिल्लू तिने टेगनच्या टेबलावर ठेवलं.

"काल संध्याकाळी हे जिवंत होतं," ती म्हणाली. "मी शेजारून गेले. फुली होती म्हणून गेले."

टेगनने खुर्ची मागे सरकवली. "आधी एक सांगा, तुम्ही रस्त्यावर थांबलात का? तुम्हाला परवानगी नाहीये."

"तुझ्या पाहुण्यांनी हात न घालता फुली मारली, टेगन. हे बंद कर. नाहीतर मी गावात सांगते, पेपरात सांगते."

"सांगा की," टेगन गोड हसली. "मी कोण अडवणार? फक्त मग इथे आत येणं तुम्हालाच अवघड वाटेल. पर्सीची काळजी करू नका, आम्ही बघू त्याचं."

पर्सीचं नाव कोणी काढलं होतं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लॉरेलने पिल्लासकट मफलर उचलला आणि ती बाहेर पडली. मी तिच्या मागे धावलो.

"मी सांगतो पेपरात! मला कुठला वॉम्बॅट अडवतोय?"

"तुला कोणी सांगितलं ते तिला कळायला वेळ लागेल का? गप बस, मर्व. खड्डा खण."

जमीन दगडासारखी झाली होती. कुंपणापलीकडच्या निलगिरीखाली मी कसाबसा खड्डा खणला. तिने पिल्लाचे पाय जवळ घेतले, पिशवीत असतात तसे, आणि माती लोटली. रडली नाही. मला ती रडायला हवी होती.

दुपारी दुकानात केशरी जॅकेट घातलेली एक बाई आली. तिशीची, साधी, चांगल्या घरातली वाटत होती. तिने एक कापडी कांगारू उचलला, परत ठेवला, मग हळूच लॉरेलला म्हणाली, "तुम्ही इथल्या जुन्या ना? काल गिरणीच्या वळणावरच्या मादीवर मी फुली मारली. रक्त बघून मला मळमळायला लागलं, हात घातलाच नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही हो. आत काही नसेल ना?"

टेगन पलीकडे कॉफीच्या यंत्रापाशी उभी होती. कप हातात तसाच होता. मी दुकानातल्या फळीत स्क्रू पिळता पिळता थांबलो आणि मनात म्हणालो, बोल लॉरेल, आता बोल, ही बाई स्वतःहून विचारते आहे.

लॉरेलने मागच्या दाराकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "काही नव्हतं. मी स्वतः हात घालून बघितलं."

"सुटले बाई!" त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजच्या दिवसाचेही पैसे भरलेत, मग जाते आता पुढच्या फेरीला." आणि तिने रंगाचा डबा उचलला.

लॉरेल मागे गेली. पर्सी त्या दिवशी भूक लागल्यासारखा खात होता, रताळ्याची फोड न् फोड मागून घेत होता. मी कुंपणाशी उभा राहून बघत होतो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, हा आंधळा वॉम्बॅट मेला तर बरं.